आण्णांच्या खानावळीतलं भाताचं यंत्र

माझी सगळी हयात ऑईल इंजिनात गेली. विहिरीवरची, गुऱ्हाळावरची, पिठाच्या गिरणीवरची, किती इंजिनं खोलली आणि किती बसवली ते मी कधी मोजलं नाही. इंजिनानं मला रडवलं असं कधी झालं नाही. रडवलं ते एकदाच, भांडी धुवायच्या यंत्रानं, आणि पोट धरून हसवलं तेही त्यानंच. हे सांगितलं की लोक माझ्याकडं संशयानं बघतात. संस्थान नुकतंच विलीन झालेलं, त्या काळात कोल्हापुरात भांडी धुवायचं यंत्र? होतं महाराजा! लक्ष्मीपुरीच्या अंगाला आण्णांची खानावळ होती, तिथं होतं. त्याचा मिस्त्री मी होतो. निदान सुरुवातीला तरी मीच होतो.

आता खरं सांगायचं तर आण्णांनी ते भांडी धुवायला आणलंच नव्हतं. लढाई संपल्यावर पुण्याकडच्या एका छावणीतलं सामान लिलावात निघालं होतं. आण्णा तिथं गेले तंबूचं कापड बघायला आणि घेऊन आले एक लोखंडी पेटारा. माणूसभर उंच, दोन बाजूंना वर सरकणारी दारं, आत तारेच्या जाळ्या, तळाला पाण्याची टाकी. पाटी होती, पण इंग्रजीत आणि निम्मी घासून गेलेली. कढत पाण्याचं काहीतरी काम आहे, एवढंच त्यातून माझ्या वाचनात आलं. आण्णांनी तेवढ्यावर निकाल दिला.

"मिस्त्री, भात शिजवायचं यंत्र हाय हे. पलटणीला काय हंड्यात भात करत असतील व्हय?"

मी म्हटलं, "आण्णा, मग ही वर आणि खाली फिरणारी भोकांची नळी कशाला?"

"भात ढवळायला!"

मालकाशी किती वाद घालायचा? मी बसवायला घेतलं. त्याची विजेची मोटार जळालेली होती. ती काढून टाकली आणि परड्यात माझं पाच घोड्यांचं ऑईल इंजिन रोवलं. भिंतीला भोक पाडून पट्टा आत घेतला आणि यंत्राच्या पंपावर चढवला. पाणी तापवायला शेजारी तांब्याचा मोठा बंब. पहिल्या दिवशी इंजिन ठकठक वाजायला लागल्यावर अर्ध्या तासात पलीकडच्या गल्लीतली एक म्हातारी डोक्यावर ज्वारीची पाटी घेऊन दारात हजर. "बारीक दळा बरं का," म्हणाली. ही गिरणी नव्हे म्हणून सांगितलं तर तिला ते पटेना. मग कशाला एवढा आवाज करताय, असं म्हणून आम्हालाच झापून गेली.

भाताचा दिवस उजाडला. आण्णांनी नारळ फोडला. जाळ्यांवर धुतलेले तांदूळ पसरले, टाकीत कढत पाणी सोडलं, दारं खाली ओढली आणि मी पट्टा चढवला. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आतून आवाज आला. दाराच्या फटीतून तांदळाचे फवारे सुटले. आण्णा "बंद कर, बंद कर" म्हणत पुढं धावले आणि बंद करण्याऐवजी दारच वर ओढलं. पुढचं काय सांगू? आचारी, वाढपी, भिंत, छप्पर, सगळ्यांवर अक्षता पडल्या. आण्णांच्या झुबकेदार मिशांत इतका भात अडकला की पाहुणेरावळे जेवून गेले असते.

मालकासमोर हसायचं कुणी? तेवढ्यात मोरीकडून खदखदून हसायचा आवाज आला. ती अनसाबाई. खानावळीत बारा वर्षं भांडी घासणारी बाई, चाळिशीची, अंगानं काटकुळी, आवाजानं खणखणीत. तिच्या हाताखाली आणखी दोघी होत्या, पण मोरीवर राज्य हिचं. ती पदर तोंडाला लावून पुढं आली, यंत्रात वाकून बघितलं आणि आतून एक पळी उचलली. आचाऱ्यानं तांदूळ पसरताना ती आत विसरली होती.

"आण्णा, भात काय शिजला न्हाय. पर ही पळी बगा की. कालची आमटी वाळून चिकटलेली हुती हिला. आता कशी लख्ख झालीया! आवं, हे भांडी धुवायचं यंत्र हाय."

हसत हसत बोलली आणि मधेच थांबली. पळी हातात तशीच. आपण काय बोलून बसलो ते तिला कळलं. मलाही कळलं. आण्णांना तर सगळ्यांच्या आधी कळलं होतं, कारण मिशीतला भात तसाच ठेवून ते यंत्राकडं बघत उभे होते.

"अनसे," ते म्हणाले, "दसऱ्यापतूर काम कर. पुढचं पुढं. मिस्त्री, दसऱ्याच्या आत हे मला चालू करून दे."

आण्णा दुष्ट नव्हते. नवीन वस्तूचं वेड होतं त्यांना, आणि वेड्या माणसाला बाजूला कोण उभं आहे ते दिसत नाही. मलाही कुठं दिसलं? पंचविशीचा होतो. कोल्हापुरात कुणी केलं नाही ते आपण करतोय या नशेत मी त्या दिवशी उड्या मारत घरी गेलो.

हे यंत्र काम कसं करतं ते थोडक्यात सांगतो. टाकीतलं कढत पाणी पंप उचलतो आणि वरच्या-खालच्या नळ्यांत जोरानं ढकलतो. त्या जोरावर नळ्या गरगर फिरतात आणि भोकांतून फवारा ताटांवर आपटतो. ते पाणी चाळणीतून गाळून परत टाकीत येतं आणि पुन्हा वर जातं. शेवटी कॉक फिरवून बंबातलं ताजं कढत पाणी सोडायचं, की ताटं निघाली. ऐकायला सोपं. पण ज्या साहेबानं हे यंत्र बनवलं त्यानं कोल्हापूरचा तांबडा रस्सा कधी बघितला नव्हता. चिनी मातीच्या बशीला लागलेलं लोणी वेगळं आणि कल्हईच्या पितळी ताटाला बसलेला मटणाच्या रश्श्याचा कट वेगळा. ताटं बाहेर आली की त्यांच्यावर गुलाबी लेप. भात तर कढत पाण्यानं असा चिकटायचा की खळ लावून वाळवल्यासारखा. तीळ, खोबरं, कोथिंबिरीच्या काड्या जाऊन भोकं तुंबायची. मी पोलादी तार घालून ती मोकळी करायचो आणि दोन तासांनी पुन्हा तेच.

छावणीत या पाण्यात घालायची कसली तरी पूड वापरत असणार. ती आमच्याकडं कुठली? मी धुण्याचा सोडा घातला, कल्हई काळवंडली. मग मला अक्कल सुचली. अंगाच्या साबणाच्या दोन वड्या किसून टाकीत टाकल्या. ताक घुसळतात तसं पंपानं ते पाणी घुसळलं आणि फेस दारांतून बाहेर आला, स्वयंपाकघर ओलांडून जेवणाऱ्यांच्या पाटांपर्यंत गेला. एक पाहुणे शांतपणे पाय वर घेऊन म्हणाले, "आण्णा, रस्सा झाला का आंघोळ घालताय?"

त्यानंतरच्या आठवड्यात मात्र चमत्कार झाला. मी पाण्याचा जोर वाढवला, पंपाच्या दांड्याभोवती पाणी गळू नये म्हणून ग्लँड असते, तिच्यात चरबीत भिजवलेली सुताची दोरी नवीन भरली, आणि ताटं चकाचक निघायला लागली. एकदम आरसा! मी आण्णांना हाताला धरून रचलेली चळत दाखवली. आण्णांनी माझी पाठ थोपटली. मी उद्यमनगरात जाऊन चार मिस्त्रींना चहा पाजला आणि यंत्राच्या बढाया मारल्या.

दोन दिवसांनी पाना विसरला म्हणून मी भर जेवणाच्या वेळी मागच्या दारानं परत गेलो. मोरीवर अनसाबाई बसली होती. यंत्रातून निघालेली ताटं तिच्या डाव्या हाताला, आणि ती एकेक ताट राखेनं घासून उजवीकडं रचत होती. माझा आरसा तिथं तयार होत होता.

माझे कान तापले. मी म्हटलं, "मावशी, हे काय चाललंय?"

"दिसतंय की. धुतीया."

"पण यंत्र वाईट चाललं तर तुमचंच बरं आहे ना? मग हे का करताय? आण्णांना सांगायचं, होत नाही म्हणून."

तिनं हातातलं ताट माझ्यापुढं धरलं. "मिस्त्री, बारा वरसं ह्या खानावळीतलं ताट माझ्या हातनं म्होरं जातंय. पावण्याच्या ताटाला खरकटं निघालं तर नाव यंत्राचं जाईल व्हय? माझं जाईल. यंत्राला हाय का नाव?"

खरं सांगतो, मी त्या मोरीच्या कट्ट्यावर बसलो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लाज वाटली म्हणून आलं. तिचे हात तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितले. बोटांच्या बेचक्या पाण्यानं खाल्लेल्या, नखं राखेनं झिजलेली. मी म्हटलं, "मावशी, माझं चुकतंय कुठं ते सांगा."

"सांगते. पर ऐकून घेशीला का मिस्त्रीपणा करशीला?"

"ऐकून घेतो."

मग तिनं मला भांडी धुवायला शिकवलं. ताटातला भात आधी गार पाण्यानं निपटायचा, कढत पाणी लागलं की तो जन्माचा चिकटतो. कट काढायला साबण नको, चुलीतली राख. ती पाण्यात कालवून रात्रभर निवळू द्यायची आणि वरचं पिवळसर पाणी फडक्यातून गाळून घ्यायचं. बोटाला चोळून बघायचं, बुळबुळीत लागलं म्हणजे कट सोडवणार. परड्यातल्या विहिरीचं पाणी जड, त्यानं बंबाच्या आत पांढरा थर धरतो, तर महिन्याला चिंचेचं पाणी उकळवायचं. नळाला येणारं कळंब्याच्या तळ्याचं पाणी हलकं, शेवटी ताटं त्यानंच विसळायची. आणि माझी पोलादी तार बघून तर तिनं कपाळावर हात मारला. "पितळेच्या भोकात पोलाद घालताय? भोकं मोठी झाली म्हणून तर फवारा मेला. बाभळीचा काटा घ्या की!"

पुढच्या दिवशी राखेचं निवळलेलं पाणी टाकीत घातलं, गार पाण्यातून काढलेली ताटं जाळीत उभी केली आणि पट्टा चढवला. दार वर घेतलं तेव्हा अनसाबाईनं एक ताट उचललं, उजेडाला धरलं, त्यावरून अंगठा फिरवला. कुर्रर्र असा आवाज आला.

"निघालं की, मिस्त्री!" ती ओरडली आणि लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवायला लागली. मी तर नाचलोच. आचाऱ्यानं त्या आनंदात आम्हाला दोघांना पांढऱ्या रश्श्याची वाटी दिली. रस्सा पिता पिता मात्र माझ्या मनात आलं, आता यंत्र खरोखरच चालणार आणि हिचं काम खरोखरच जाणार. आणि ते घडवलं कुणी? तिनं स्वतः. दसऱ्याला वीस-बावीस दिवस उरले होते.

मी म्हटलं, "मावशी, तुम्ही मला राख शिकवली. मी तुम्हाला पंप शिकवतो."

"मला? बाईला इंजिन?"

"इंजिनाला काय ठाऊक हात कुणाचा ते."

आणि काय शिकली! चाळणी काढणं, नळी उतरवणं, ग्लँडची दोरी आवळणं. आवाजावरून बिघाड ओळखायला मला दोन वर्षं लागली होती, तिला पंधरा दिवस. बारा वर्षं मोरीवर बसून ती हंडा धड आहे का चिरलाय ते आवाजावरनंच ओळखत आली होती. "मिस्त्री, आज पंपाला सर्दी झालीया," म्हणायची, आणि बघावं तर खरंच कुठंतरी हवा ओढत असायची.

एक प्रसंग सांगायलाच हवा. खानावळीला शेजारच्या तालमीतला एक पैलवान यायचा. सत्तावीस-अठ्ठावीस भाकऱ्यांचा गडी. तो एकदा वाकून आत आला, यंत्र बघत उभा राहिला आणि त्याला बरोबर नको तेच कळलं. "आयला, म्हंजे सगळ्या गावाचं उष्टं ह्या एकाच पाण्यात फिरतंय?" बाहेर जेवणाऱ्यांचे घास थांबले. आण्णांचा चेहरा पांढरा पडला. मी काही बोलायच्या आत पैलवानानं अनसाबाईलाच विचारलं, "मावशे, तू सांग. हे चोखट हाय का?"

नुसतं "न्हाय" म्हटलं असतं तर खानावळ रिकामी झाली असती, यंत्र भंगारात गेलं असतं आणि तिचं काम राहिलं असतं.

"पैलवान," ती म्हणाली, "तालमीतल्या तांबड्या मातीत किती जणांचा घाम जिरलाय? तरी तुमी लोळताच की. वर घागरभर पाणी घेतलं की झालं न्हवं चोखट? तसंच हाय हे. शेवटी कढत पाणी घेतंय ते. बगा हात घालून." त्यानं हात घातला, बोंबलत बाहेर काढला, आणि सगळी पंगत हसली. त्या दिवशी त्यानं दोन भाकऱ्या जादा खाल्ल्या.

आण्णांनी मात्र दसऱ्याचा निकाल बदलला नाही. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात अनसाबाईच्या हाताखालच्या दोघी दिसेनाशा झाल्या. मी नव्या खेळण्यात इतका गुंग, की ते माझ्या ध्यानात चार दिवसांनी आलं. कुठं गेल्या, काय केलं त्यांनी पुढं, मी कधी विचारलं नाही. त्यांची नावंसुद्धा मला आठवत नाहीत, आणि ही गोष्ट मला आजही खाते.

खंडेनवमीला खानावळ बंद होती. मी माझ्या शेडमध्ये हत्यारांची पूजा केली. तिकडं आण्णांनी यंत्राची केली, आणि भक्ती ती केवढी! झेंडूची माळ बाहेरून घालून त्यांचं समाधान झालं नाही. दार उघडून फिरत्या नळीलाही एक घातली. टाकीत नारळाचं पाणी शिंपडलं, वर मूठभर अक्षता. दसऱ्याला खेड्यापाड्यातनं माणूस लोटतं. सकाळी आचाऱ्यानं घाईत इंजिन सुरू केलं आणि आण्णांची भक्ती सगळी पंपात गेली.

मी नवं धोतर, कोट, टोपी घालून घरी बसलो होतो. वाढपी सायकलवरनं धापा टाकत आला. "मिस्त्री, चला, यंत्र बसलं! पाटावर पावणं बसलेत आणि ताट न्हाय!"

जाऊन बघतो तर पंपाचं झाकण उघडलेलं. अनसाबाई काष्टा खोचून, कोपरापर्यंत हात आत घालून बसलेली. मोरीच्या कोनाड्यात तिचं गाठोडं होतं. आण्णा बाजूला उभे, हातात तबक, तबकात आपट्याची पानं.

मी कोट काढून पुढं झालो. "मावशी, सरका, मी बघतो."

तिनं मान वर केली नाही. "कापडं खराब हुतील, मिस्त्री. पाना द्या. थोरला नगं, धाकला."

मी दिला. तिनं एक नट सैल केला, बोटानं चाचपलं आणि आतून पिवळा दोरा ओढायला लागली. दोरा निघतोय, निघतोय, त्याला मधेमधे चिरडलेली झेंडूची फुलं. आण्णांनी ती ओळखली आणि खाली बघितलं. मग तिनं नळी उतरवली, अंबाड्यात खोचलेला बाभळीचा काटा काढला आणि एकेक भोकातली एकेक अक्षता टिपली. भातानं सुरू झालेली गोष्ट भातावरच आली होती. मी काय करत होतो? एक हात पुढं करून नट सांभाळत होतो.

पट्टा चढला. यंत्र फिरलं. पहिली चळत बाहेर पडली तेव्हा तिनं ताट उजेडाला धरून अंगठा फिरवला आणि वाढप्याला म्हणाली, "ने."

पंगत उठली. मग ती हात पुसत आण्णांसमोर उभी राहिली. "आण्णा, दसऱ्यापतूर म्हणाला हुतासा. झाला दसरा. येते मी."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. "मिस्त्री, उद्या हे बंद पडलं तर मी कुणाला बोलवायचं?"

"मला नका बोलवू," मी म्हटलं. "मी आज हेल्पर म्हणून आलो होतो. मिस्त्री तुमच्यासमोर उभी आहे."

आण्णांच्या मिशा थरथरल्या. राग असेल म्हणून मी एक पाऊल मागं सरलो, पण ते हसत होते. कोनाड्याकडं बोट दाखवून म्हणाले, "अनसे, ते गठुडं सोड. उद्यापासनं यंत्र तुझ्या हातात. मोरीवर बसायचं न्हाय." पुढं सहा-सात वर्षं ते यंत्र चाललं. त्या काळात मला तिथनं बोलावणं आलं ते दोनदाच, आणि दोन्ही वेळा नुसता पाना उसना पाहिजे म्हणून.

पण तो दसरा. आण्णांच्या तबकातली आपट्याची दोन पानं मी उचलली. आपल्याकडं धाकट्यानं थोरल्याला सोनं द्यायचं. मी तो धाकला पाना आणि पानं एकत्र करून अनसाबाईच्या पाण्यानं खाल्लेल्या हातात ठेवली आणि वाकून तिच्या पायाला हात लावला. मोरीवाल्या बाईच्या पाया मिस्त्री पडतोय हे बघायला आचारी चुलीपासून उठून पुढं आला.

तिनं पाना कमरेला खोचला, डोळे पुसले आणि माझ्या डोक्यावरून भिंतीकडं बघत ओरडली, "पाया काय पडत बसलाय, मिस्त्री? पट्टा सैल झालाय, तो वढा आदी!"